राख, बंब आणि बॉयलर

बिबवेवाडीला लागूनच गुलटेकडीचं मार्केट यार्ड आहे. तिथल्या भुसार बाजारात गुळाच्या ढेपा येतात, पण ज्या चिपाडांच्या जाळावर तो गूळ शिजला, त्यांची राख गुऱ्हाळावरच राहते. लाकूडफाटा आणि शेतातला पालापाचोळा जाळून ऊर्जा मिळवण्याचा आपला इतिहास या मागे राहिलेल्या राखेकडून वाचला, तर वेगळाच दिसतो. त्यात दोन त्रास सतत भेटतात: धूर आणि गंज. दोन्हींसाठी आपण चुलीला बोल लावतो. जळणाकडे मात्र क्वचितच बघतो.

घरातला बंब आठवून पाहा. कसबा पेठेतल्या तांबट आळीतले कारागीर तांब्याचा पत्रा ठोकून असे बंब घडवत. मधे उभी नळी, तिच्यात जाळ, भोवती पाणी. खालून ढलप्या, करवंट्या, गोवऱ्या सारायच्या. पाणी झटपट तापे, पण न्हाणीघर धुरानं भरे. त्याचं कारण बंबाच्या रचनेतच आहे. ज्वाला पाण्यानं थंड राहिलेल्या नळीला टेकते, अर्धवट जळलेले वायू तिथेच गारठतात आणि काजळी व डांबर होऊन चिकटतात. लाकूड ओलं असेल तर आणखीच. मात्र नळीमागे पाणी असेपर्यंत तांबं शंभर अंशांच्या फार वर जात नाही, म्हणून बंब पिढ्यान्‌पिढ्या टिकले. धूर भरपूर, झीज थोडी.

साखर कारखान्यात हे गणित उलटं झालं. विठ्ठलराव विखे पाटील आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं 1950 साली प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. त्यामागून राज्यभर सहकारी कारखाने उभे राहिले. त्यांचं जळण म्हणजे उसाचंच बगॅस. सुरुवातीच्या बॉयलरांत वाफेचं तापमान बेताचं असे, कारण ती गिरण फिरवण्यापुरती आणि रस आटवण्यापुरती लागे. 1990च्या दशकापासून बगॅसवर वीज करून ती विकण्याचा विचार जोर धरू लागला. त्यासाठी वाफेचं तापमान पाचशे अंशांच्या पुढे न्यावं लागलं. इथे राखेनं आपला गुण दाखवला.

राखेनं भांडी लख्ख निघतात ती तिच्यातल्या पालाशाच्या क्षारांमुळे. इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्हीनं 1807 साली पोटॅशियम वेगळं केलं, तेही याच क्षारापासून. भट्टीत हा पालाश क्लोरीनशी जोडी जमवतो, वाफ होऊन उडतो आणि सुपरहीटरच्या नळ्यांवर थरानं बसतो. तापलेल्या पोलादावरचं संरक्षक कवच तो फोडतो. नळी पातळ होते आणि ऐन हंगामात फुटते.

तरीही बगॅस बॉयलरला बऱ्यापैकी मानवतं. ते सोज्वळ आहे म्हणून नव्हे, तर धुतलेलं आहे म्हणून. साखरेचा शेवटचा अंश निघावा यासाठी कारखान्यात चोथ्यावर पाणी मारून तो पुन्हा पिळतात. साखरेबरोबर पालाश आणि क्लोरीनही रसात जातात. हे काम गंज टाळण्यासाठी कुणी केलं नव्हतं, फायदा मात्र आयता मिळाला. हंगाम संपल्यावर त्याच बॉयलरमध्ये पाचट किंवा पिकांची धाटं घातली, की अडचण सुरू होते. ती धुतलेली नसतात.

डेन्मार्कमध्ये गव्हाच्या काडावर वीजघरं चालवताना हेच लक्षात आलं. शेतात पावसात भिजून करडं पडलेलं काड पिवळ्याधमक काडापेक्षा बॉयलरला कमी त्रास देतं. आपल्याकडे ही युक्ती सहजी लागू होत नाही. ऊसतोड पावसाळा संपल्यावर, कोरड्या महिन्यांत होते. धुवायला विकतचं पाणी आणि मग वाळवायला जागा हवी. शिवाय खोडव्यासाठी रान लवकर मोकळं करायची घाई असते. म्हणून पाचट सर्रास जागेवरच पेटवलं जातं. त्या धुराला ना चिमणी, ना गाळणी. तो आधी श्वासात जातो तो शेजारच्या वस्तीतल्या लोकांच्या.

पुण्यातल्या आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेनं वेगळी वाट धरली. पाचट बंद पिंपांत भाजून त्याचा कोळसा करायचा आणि खळ घालून कांड्या पाडायच्या. या कामाला 2002 साली अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. धूर करणारे वायू भाजतानाच निघून गेल्यानं अशी कांडी शेगडीत जवळपास बिनधुराची जळते. पालाश राखेत राहतो, पण स्वयंपाकाच्या शेगडीत त्यानं कुरतडावं असं लालभडक पोलाद नसतं.

बॉयलरमध्ये जास्त चांगलं पोलाद बसवता येतं, वाफ थोडी थंड ठेवता येते, गंधक असलेला कोळसा मिसळून क्लोरीनची जोडी मोडता येते. प्रत्येक उपायाला पैसा लागतो. त्याआधी कुठलं जळण कुठल्या जाळासाठी, हे ठरवणं स्वस्त पडतं: धुतलेलं बगॅस बॉयलरला, पाचटाची कांडी शेगडीला आणि उरलेलं पाचट न पेटवता खोडव्याच्या सरीत.

भारत आपल्या गरजेचा जवळपास सगळा पालाश परदेशातून आणतो. जो क्षार बॉयलरच्या नळ्या खातो, तोच खताच्या पोत्यातून विकत घेऊन आपण उसाला घालतो.