सोहारमधील मद्यसेवा आणि वयाची अट

मस्कतच्या वायव्येस सुमारे २०० किलोमीटरवरील सोहार या बंदराच्या शहरात मद्य मिळते ते परवानाधारक हॉटेलांच्या बारमध्येच, आणि तेही वयाची २१ वर्षे पूर्ण झालेल्यांना. रमजानमध्ये हे बार बंद असतात. घरी मद्य ठेवण्यासाठी मुस्लिमेतर रहिवाशांना रॉयल ओमान पोलिसांकडून वैयक्तिक परवाना घ्यावा लागतो. उघड्यावर मद्यपान करण्याची मुभा मात्र त्यानेही मिळत नाही.

पहिल्या नोकरीवर आलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या मराठी अभियंत्यांचा गोंधळ होतो तो सुटीत गावी गेल्यावर. सोहारमध्ये ज्याला रीतसर व्हिस्की मिळते, तोच तरुण महाराष्ट्रात त्यासाठी अल्पवयीन ठरतो. मूळच्या १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानुसार तेथे सौम्य बिअर व वाइनसाठी २१, तर व्हिस्की, रमसारख्या मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे. शिवाय पिणाऱ्याकडेही परवाना हवा. शेजारच्या गोव्यात अठरा वर्षे पुरतात!

ही अट कागदावरच राहते, असा समज २०२४ मध्ये ढळला. मे महिन्यात पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले आणि त्याला मद्य देणाऱ्या ठिकाणांना टाळे लागले. जुलैतील वरळी अपघातानंतरही तेच घडले. त्यातील आरोपी सज्ञान होता. पंचविशीचा मात्र नव्हता.