बुश क्वार्टेट : एका जर्मन वादकवृंदाचा इतिहास

युरोपीय कक्षसंगीताच्या इतिहासात एखाद्या वादकवृंदाला ‘जर्मन’ हे विशेषण लावले जाते, तेव्हा त्यातून नेमका कोणता अर्थ अभिप्रेत असतो, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. वादकांचे जन्मस्थान, वृंदाचे वास्तव्य, वादनविषय झालेल्या रचना आणि वादनाची परंपरा ह्या चारही गोष्टींना ते विशेषण लागू शकते. आणि ह्या चारही एकत्र नांदतीलच असे नाही. बुश क्वार्टेटचा इतिहास ह्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

दोन व्हायोलिने, एक व्हियोला व एक चेलो अशा चार तंतुवाद्यांच्या मेळाला क्वार्टेट म्हणतात. हायडन, मोझार्ट, बेथोव्हेन व शूबर्ट ह्यांनी आपले काही अत्यंत गंभीर चिंतन ह्याच प्रकारात मांडले. त्याच्या वादनाची जर्मनीतील परंपरा स्थिर करण्याचे मोठे श्रेय योसेफ योआखिम ह्याला दिले पाहिजे. त्याने १८६९मध्ये बर्लिन येथे स्थापन केलेला वृंद त्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९०७पर्यंत, कार्यरत होता. रचनाकाराचा हेतू हाच प्रमाण मानावयाचा व वादकाने स्वतःचे कौशल्य त्याच्या सेवेस लावावयाचे, हे त्या परंपरेचे सूत्र होते.

आडोल्फ बुश हा ह्याच परंपरेचा वारस होय. त्याचा जन्म ८ ऑगस्ट १८९१ रोजी वेस्टफालियातील झीगेन येथे झाला. वडील वाद्ये बनवीत. थोरला भाऊ फ्रिट्स पुढे नामांकित वाद्यवृंदसंचालक झाला. कोलोन येथे आडोल्फने व्हिली हेस ह्या योआखिमच्या शिष्याकडे शिक्षण घेतले. १९१२मध्ये तो व्हिएन्नाच्या कोन्त्सर्टफेराइन वाद्यवृंदाचा अग्रवादक झाला आणि तेथेच त्याचे पहिले क्वार्टेट आकारास आले. महायुद्धाने त्यात खंड पडला. १९१९मध्ये वृंदाची पुनर्रचना झाली आणि लवकरच दुसऱ्या व्हायोलिनवर गोस्टा आंद्रेआसोन, व्हियोलावर कार्ल डोक्टोर व चेलोवर पाउल ग्र्युमर अशी मांडणी स्थिरावली. १९३०मध्ये ग्र्युमरच्या जागी धाकटा बंधू हेर्मान बुश आला. ह्या चौघांत आंद्रेआसोन स्वीडिश, तर डोक्टोर व्हिएन्नाचा होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पियानोवादक रुडोल्फ सेर्किन हाही १९२०पासून बुशचा सहवादक आणि त्याच्या कुटुंबातीलच एक झाला होता. सेर्किन ज्यू होता.

बुश १९२७मध्येच बाझेल येथे राहावयास गेला होता. तथापि जर्मनी हे वृंदाचे प्रमुख कार्यक्षेत्र राहिले. १९३३च्या मार्चमध्ये फ्रिट्स बुशला नाझींनी ड्रेस्डेनच्या ऑपेरागृहातून घालवून दिले. १ एप्रिल रोजी ज्यू व्यावसायिकांवर देशभर बहिष्कार पुकारण्यात आला. त्या दिवशी वृंद बर्लिनमध्ये होता व हायडनची ख्रिस्ताच्या अंतिम सात वचनांवरील रचना वाजवून बुशने जर्मनीतील पुढील सर्व कार्यक्रम रद्द केले. आडोल्फ बुश स्वतः ज्यू नव्हता. त्याला कोणी हाकलले नव्हते. उलट तो राहता, तर नव्या राजवटीने त्याचा गौरवच केला असता. म्हणून ह्या निर्णयाचे नैतिक मोल अधिक आहे. १९३८मध्ये इटलीने वंशभेदाचे कायदे केले, तेव्हा त्याने त्या देशाचाही त्याग केला.

वृंदाची चिरस्थायी कीर्ती ज्यांवर उभी आहे, ती बहुतेक ध्वनिमुद्रणे ह्याच स्वेच्छानिर्वासनाच्या काळात प्रामुख्याने लंडन येथे झाली. बेथोव्हेनच्या उत्तरकालीन क्वार्टेटांपैकी ओपस १३१ चे मुद्रण १९३६मध्ये, तर ओपस १३२ चे १९३७मध्ये झाले. शूबर्टचे ‘मृत्यू आणि कुमारी’ हे क्वार्टेटही १९३६मधलेच. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार-साडेचार मिनिटांचे वादन मावे. ओपस १३२ मधील प्रदीर्घ, मंद विभाग त्यामुळे तुकड्यातुकड्यांनी मुद्रित करावा लागला. तरीही ऐकताना त्याचा श्वास कोठे तुटलेला जाणवत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची जुनी पद्धत तेथे आढळते, क्वचित एखादा स्वर खरखरीतही लागतो; परंतु चारही आवाज परस्परांचे ऐकून बोलत आहेत, ही प्रतीती कोठेच लोपत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी बुश अमेरिकेस गेला. हृदयविकार, नवा श्रोतृवर्ग आणि विस्कटलेली घडी ह्यांमुळे पूर्वीचे स्थान त्याला तेथे लाभले नाही. १९४१मध्ये ओपस १३० चे मुद्रण झाले. पुढे आंद्रेआसोन व डोक्टोर वृंदाबाहेर पडले आणि नवे वादक घेऊन कार्य चालू राहिले. १९५१मध्ये बुश, सेर्किन व त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हर्माँटमधील मार्लबरो येथे संगीतशाळा सुरू केली. तेथे ज्येष्ठ व तरुण वादक एकाच मेळात बसून शिकत. ९ जून १९५२ रोजी बुशचे निधन झाले आणि त्याबरोबर वृंदही संपला.

आरंभीच्या प्रश्नाकडे वळता असे दिसते की, ह्या वृंदाचे जर्मनपण त्याच्या वास्तव्यात नव्हते आणि सर्व वादकांच्या जन्मभूमीतही नव्हते. १९३३नंतर ज्या राज्याने ‘जर्मन’ ह्या शब्दावर एकाधिकार सांगितला, त्या राज्यात हा वृंद वाजलाच नाही. योआखिमपासून चालत आलेले शिस्तीचे सूत्र मात्र बाझेल, लंडन व व्हर्माँट येथे त्याच्यासोबत गेले. परंपरा भूमीशी बांधलेली असती, तर ती बर्लिनमध्येच राहिली असती. ती माणसांच्या कानांत व हातांत होती, म्हणून त्यांच्याबरोबर सीमा ओलांडू शकली.