आठ आणे रोज

आमची आजी साताऱ्याकडची. लग्न होऊन लालबागच्या चाळीत आली आणि आजोबांच्या मागोमाग गिरणीत वायडिंग खात्याला लागली. तिच्यासोबत घाटावरच्या नि कोकणातल्या कितीतरी बाया होत्या. पोटुशी बाई जमलं तर गावी जायची, आईजवळ. पण खाडे पडले की पगार बुडायचा, जागाही दुसरीला मिळायची. म्हणून कित्येकजणी दिवस भरले तरी भोंग्याबरोबर उठून कामाला जायच्या. “सकाळी खात्यात, रात्री बाजेवर,” आजी सांगायची.

बाजेवर म्हणायचं, पण त्या खोलीत बाज मावायची कुठं! चुलीशेजारी गोधडी, मध्ये जुन्या लुगड्याचा आडपडदा, आणि पुरुषमाणसं बाहेर गॅलरीत. चाळीतल्या सुईणीला सगळे मावशी म्हणत. आडवं आलेलं मूल ती नुसत्या हातानं फिरवायची, असं आजी आदरानं सांगे. मोबदला काय, तर खण, नारळ, पायलीभर तांदूळ. नाळ मात्र घरातल्याच विळ्यानं कापायची. आजीचा पहिला मुलगा आठवड्याच्या आत गेला. दातखीळ बसली, अंग ताठलं. पाचवी नीट पुजली नाही म्हणून सटवीनं नेला, असं घरात बोलत. पुढं म्हातारपणी आजी तो विषय निघाला की विळ्याचं नाव घ्यायची, मावशीचं कधीच नाही.

1926 साली परळला नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उघडलं. सर नेस वाडियांनी, म्हणजे एका गिरणीमालकानंच, वडिलांच्या नावानं ते बांधलं. बाया मात्र बिचकत. तिथं खाटेखाली शेगडी नाही, ओव्या-शेपाची धुरी नाही, अंग रगडायला आपलं माणूस नाही. आमच्या आत्याचा जन्म तिथलाच, असं आत्या म्हणते. वडील म्हणत, नाही, नर्स चाळीत आली होती आणि तिनं कात्री उकळायला स्टोव्ह मागितला होता. दोघांनीही ते आजीच्याच तोंडून ऐकलेलं! मला तो स्टोव्ह खरा वाटतो. मावशी शेजारी बसून ती कात्री न्याहाळत होती, असंही आजी सांगायची.

आजीला खरं कौतुक होतं ते आठ आण्यांचं. ना. म. जोशींनी दिल्लीच्या असेंब्लीत 1924 साली बाळंतपणाच्या भत्त्याचं बिल आणलं, ते फेटाळलं गेलं. मग रा. स. असवल्यांनी मुंबई कौन्सिलात आणलं. 1928 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं उभे राहिले: आईला विसावा मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं. 1929 साली कायदा झाला. बाळंतपणाआधीचे नि नंतरचे मिळून सात आठवडे, रोज आठ आणे. पुऱ्या रोजापेक्षा कमीच, पण बसून मिळणारे! पुढच्या बाळंतपणात, म्हणजे माझ्या वडिलांच्या वेळी, आजीनं ते घेतले.

त्या पैशातून तिनं डिंक, खारीक, अळीव आणि शेरभर तूप आणलं. सासूबाईंनी लाडू वळले नि डबा फळीवर आपल्या हाताशी ठेवला, कारण बाळंतिणीचं खाणं घरातल्या पोरांच्या तोंडी जातं हे त्यांना ठाऊक होतं. सकाळी लाडू, दुपारी बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, लसणाची फोडणी, आणि जेवणानंतर चिमूटभर बाळंतशेपा. आजीला वयाच्या ऐंशीतही त्या लाडवांची चव आठवत होती. आयुष्यात तेवढाच एकदा कुणीतरी ताट वाढून समोर आणलं, असं ती म्हणायची. हे ऐकलं की मला आजही भरून येतं.

सात आठवडे सरले की पुन्हा भोंगा. तान्हं मूल शेजारणीकडं नाहीतर थोरल्या पोरीच्या मांडीवर. ते निजून राहावं म्हणून बाळागोळी द्यायची गिरणगावात सर्रास रीत होती; त्या गोळीत अफू असे. 1920च्या दशकात सरकारनं गिरणीतल्या बायांची पाहणी करायला डॉक्टरीणबाई नेमल्या, त्यांनीही हे लिहून ठेवलंय. आपण एकाही लेकराला गोळी दिली नाही, असं आजी देवाची आण घेऊन सांगायची. आत्या म्हणते, सगळ्याच द्यायच्या. त्याशिवाय आईला पाळीभर उभं कसं राहता आलं असतं?