कोणता आवाज कोठून यावा

पडद्यावरील माणूस बोलतो तेव्हा आवाज त्याच्या तोंडातूनच येतो असे आपल्याला वाटते. वास्तविक तो पडद्यामागच्या कर्ण्यातून येत असतो. कोणता आवाज कोणत्या कर्ण्यातून यावा हे कोणीतरी ठरविलेले असते, आणि त्या ठरविण्याला नव्वदहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

२७ एप्रिल १९३३ रोजी बेल प्रयोगशाळेच्या संशोधकांनी फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकविला. तीन मायक्रोफोन, तीन तारा, तीन कर्णे. डावा डाव्याला, मधला मधल्याला, उजवा उजव्याला. वृंदाचे संचालक लिओपोल्ड स्टोकोव्हस्की त्या दिवशी वादकांपुढे नव्हतेच. ते वॉशिंग्टनमध्ये आवाज कमीजास्त करण्याच्या बटणांपाशी बसले होते. येथे घोटाळ्याला जागा नव्हती. तार धरून मागे गेले की मायक्रोफोन सापडे.

हेच स्टोकोव्हस्की पुढे डिस्नेच्या ‘फॅन्टेझिया’त आले. १९४० च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कला तो चित्रपट लागला, तेव्हा चित्राच्या फिल्मबरोबर आवाजाची एक वेगळी फिल्म फिरत असे. तिच्यावर तीन पट्ट्या ध्वनीच्या, आणि चौथी निव्वळ हुकूम सोडणारी : कोणती पट्टी केव्हा किती चढवावी, एवढेच तिचे काम. ही सामग्री इतकी महाग नि अवजड होती की ती मोजक्याच थिएटरांत बसली. (पुढच्याच मे महिन्यात त्या स्टुडिओतील चित्रकारांनी युनियनसाठी संप केला. माझ्यासारख्याला त्यावर तासभर बोलता येईल. पण आजचा विषय तो नव्हे.)

१९५३ साली ‘द रोब’ने सिनेमास्कोप आणला. तीन आवाज पडद्यामागून, चौथा प्रेक्षकांच्या भोवताली. नव्या कर्ण्यांचा खर्च करण्यास अनेक थिएटरमालक राजी होईनात, आणि १९५४ मध्ये कंपनीला साध्या, एकाच पट्टीच्या प्रती द्याव्या लागल्या. शोध लागतो एके ठिकाणी, अडतो तिजोरीपाशी!

आज तारेची जागा संगणकाच्या फाइलने घेतली आहे. ‘पाच पूर्णांक एक’ म्हणतात त्या पद्धतीत सहा ध्वनिधारा असतात : डावी, मधली, उजवी, भोवतालची डावी, भोवतालची उजवी, आणि खोल घुमणाऱ्या आवाजाची सहावी, ही फक्त खालचे सूर वाहते म्हणून तिला ‘पूर्णांक एक’ एवढाच मान. कर्णे कोठे ठेवावे याचीही आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. मधला नाकासमोर, डावा-उजवा प्रत्येकी ३० अंशांवर, भोवतालचे दोन १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे.

घोटाळा आहे तो फाइलमध्ये. गिरणीच्या मस्टरवर ‘सहा इसम हजर’ एवढेच लिहिले आणि नावे गाळली, तर कोणाला कोणत्या साच्यावर उभे करणार? चित्रपटाच्या कामात दुसरी जागा मधल्या धारेची धरण्याचा प्रघात. संगणकावरील वेव्ह फाइलच्या क्रमात तीच जागा उजवीची. पहिल्या क्रमाची फाइल दुसऱ्या क्रमाने वाचली, की सारे संवाद उजव्या कोपऱ्यातून येतात, उजवीकडचे संगीत मध्ये येते, आणि भोवतालचा डावा आवाज खोल सुरांच्या कर्ण्यात जाऊन बुडतो. घरी दोनच कर्णे असतील तर आणखी वाईट. सहाचे दोन करताना यंत्र बहुधा खोल सुरांची धारा टाकूनच देते. तिच्यात जाऊन पडलेला पाऊस, गर्दी, पावलांचा आवाज, सारे तिच्याबरोबर फेकले जाते. ध्वनिमिश्रकाने आठवडेच्या आठवडे खपून केलेले काम ते!

म्हणून पुढे मायक्रोसॉफ्टने वेव्ह फाइलच्या शिरोभागात कोणती धारा कोणत्या कर्ण्याची याची नोंद करण्याची सोय केली. तरी ‘बाजूचा’ आणि ‘मागचा’ अशी दोन निरनिराळी नावे राहिलीच. कान एकच, कर्णा एकच. पण एका फाइलवर एक नाव, दुसरीवर दुसरे, आणि काही यंत्रे त्यावरूनच अडून बसतात.

घरी संवाद कोपऱ्यातून येऊ लागले तर कर्णे उचलून हलवू नयेत. आधी तारा पाहाव्या, मग प्रत्येक कर्ण्यातून त्याचेच नाव पुकारणारी चाचणीची फाइल लावावी. ‘मधला’ हा शब्द मधूनच ऐकू आला, तर तारा बिनचूक आहेत आणि चूक त्या चित्रपटाच्या फाइलमध्ये शोधावी.