केंब्रिजच्या टेकाडाखालची २७ घरं

केंब्रिज म्हटलं की विद्यापीठ आठवतं. पण विद्यापीठाच्याही सुमारे १४० वर्षं आधीपासून तिथे मातीचं एक टेकाड उभं आहे. उंची जेमतेम १० मीटर. कुणीही फुकट चढून वर जावं, शहर बघावं, फोटो काढावेत.

हे टेकाड म्हणजे नॉर्मन किल्ल्याचा उरलेला भाग. नॉर्मंडीच्या विल्यमने १०६६ मध्ये इंग्लंड जिंकलं. १०६८ मध्ये उत्तरेतल्या मोहिमेवरून, यॉर्कहून परतताना त्याने इथे किल्ला उभारायला सांगितलं. पद्धत सोपी होती. खंदक खणायचा, माती रचून टेकाड करायचं, वर लाकडी बुरूज. दगडी किल्ल्यासारखी वर्षानुवर्षं थांबायची गरज नाही. नदीचा उतार आणि रस्ता दोन्ही नजरेत राहतील अशी उंच जागा मात्र हवी. ती होती, पण तिथे लोक राहत होते.

हे कळतं ते डूम्सडे बुकमधून. १०८६ मध्ये विल्यमने देशभराची महसुली पाहणी करवली, तिची ही नोंदवही. केंब्रिजच्या नोंदीत लिहिलंय, की किल्ल्यासाठी २७ घरं पाडली. लिंकनमध्ये हाच आकडा १६६ आहे. हळहळ म्हणून नव्हे, तर कर कुठून येणार नाही हे कळावं म्हणून ही नोंद झाली. राहणाऱ्यांची नावं नाहीत.

त्याच पानांत शहरवासीयांच्या तक्रारीही आहेत. पूर्वी ते शेरीफला, म्हणजे राजाच्या जिल्हा अधिकाऱ्याला, वर्षातून तीनदा आपले नांगर देत. आता नऊदा द्यावे लागतात. शेरीफ पिकोने गिरण्या बांधल्या, त्यात गायरान गेलं आणि आणखी घरं गेली.

पुढे पहिल्या एडवर्डने १२८४ पासून किल्ला दगडात बांधला. पंधराव्या शतकात त्याचेच दगड किंग्ज कॉलेजच्या बांधकामाला गेले. उरली ती माती.

आज ही माती कायद्याने संरक्षित आहे. परवानगीशिवाय तिथे खणणं गुन्हा आहे. ते योग्यच. पण आपण ज्याला वारसा म्हणतो, त्यात पाडणाऱ्याचं बांधकाम दिसतं, पाडलेलं दिसत नाही. त्या २७ घरांना कुठलंही स्मारक नाही. त्यांची आठवण टिकली ती कराच्या हिशेबात, एका आकड्यापुरती. टेकाडावर चढताना तो आकडा माहीत असावा.