दिसलं की माहीत होतं? वाकाटकांवरची चार पुस्तकं वाचताना

संशोधनाकडे वळणारी मुलं-मुली एक प्रश्न नेहमी विचारतात. "इतिहास, कला, धर्म यावर काहीतरी दमदार वाचायचं आहे, काय वाचू?" बहुतेकांना यादी हवी असते. यादी देणं सोपं, पण दहा पुस्तकांची नावं लिहून घेतली की आठ तशीच राहतात, हा माझाच अनुभव. शिवाय मी विज्ञानाची विद्यार्थिनी. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. म्हणून आज एकच विषय घेते, आणि तोही नागपूरहून सकाळी निघून दुपारी परत येता येईल इतका जवळचा: वाकाटक. या राजवंशावरची चार पुस्तकं क्रमाने वाचली, तर इतिहास कसा लिहिला जातो, कुठे चुकतो आणि कसा दुरुस्त होतो, हे आपल्यासमोर घडताना दिसतं. पीएचडीला नाव नोंदवण्याआधी हे एकदा पाहायला हवं.

माझी सुरुवात अपघातानेच झाली. माझं काम मँगनीजच्या ऑक्साइडांवर आहे, आणि नमुन्यांसाठी मनसरला जाणं व्हायचं. मनसर म्हणजे मँगनीजच्या खाणी, एवढंच डोक्यात. एकदा बस चुकली. पुढची यायला वेळ होता, म्हणून जवळच्या टेकडीवर चढले. तिथे विटांचं प्रचंड बांधकाम उघडं पडलेलं. पाटी वाचून फारसं कळलं नाही. परत आल्यावर ग्रंथालयात विचारलं, तर काकांनी एक जुनं मराठी पुस्तक हातात ठेवलं: वा. वि. मिराशी यांचं 'वाकाटक नृपति आणि त्यांचा काल', १९५७ चं.

हे पहिलं पुस्तक. महामहोपाध्याय मिराशी नागपुरात संस्कृतचे प्राध्यापक होते. त्यांची भाषा थोडी जुन्या वळणाची आहे, पण गुंतागुंतीची नाही. वाकाटकांचं राज्य ढोबळमानाने इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापासून पाचव्या शतकाच्या अखेरपर्यंत. त्यांच्या दोन शाखा महत्त्वाच्या. एक नंदिवर्धनची, म्हणजे आपल्या रामटेकजवळच्या नगरधनची. दुसरी वत्सगुल्मची, म्हणजे आजच्या वाशीमची. प्रभावतीगुप्ता ही पहिल्या शाखेतली राणी, गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला लेख दुसऱ्या शाखेतल्या हरिषेण राजाच्या वराहदेव या मंत्र्याचा. हे सगळं आज शाळेच्या पुस्तकासारखं सरळ वाटतं. पण दुसरी शाखा स्वतंत्र होती हे १९३९ पर्यंत कोणाला माहीतच नव्हतं. खरी गोष्ट इथून सुरू होते.

अजिंठ्याचा तो लेख एकोणिसाव्या शतकातच अभ्यासकांच्या नजरेत आला होता. आधी भाऊ दाजी लाड यांनी त्यावर काम केलं, नंतर १८८३ मध्ये गेऑर्ग ब्यूलर यांचं वाचन प्रसिद्ध झालं. लेखात राजांची वंशावळ आहे, पण दगड झिजलेला. प्रवरसेनानंतरच्या राजांची नावं पुसट. शेवटी 'सेन' कळतं, आधीची अक्षरं धड कळत नाहीत. आता काय करायचं? तोवर विदर्भात आणि शिवनीकडे मिळालेले वाकाटकांचे ताम्रपट हाताशी होते. त्यांत प्रवरसेनानंतर रुद्रसेन, मग पृथिवीषेण असा क्रम होता. साहजिकच अजिंठ्याच्या पुसट जागीही हीच नावं वाचली गेली. पुढे लेखात आणखी एक प्रवरसेन येत होता आणि ताम्रपटांतही दुसरा प्रवरसेन होताच. म्हणजे ताळा जुळला! अशा वेळी कोण शंका घेणार?

१९३९ मध्ये वाशीमला एक ताम्रपट मिळाला. दुसऱ्या विंध्यशक्तीने आपल्या राज्याच्या ३७ व्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेलं ते दान. वंशावळीचा भाग संस्कृतात, बाकी व्यवहाराचा भाग प्राकृतात. त्यात क्रम असा: प्रवरसेन, त्याचा मुलगा सर्वसेन, त्याचा मुलगा विंध्यशक्ती. सर्वसेन हे नाव तोवरच्या वंशावळीत नव्हतंच. मिराशींनी हे नाव डोक्यात ठेवून अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला. झिजलेल्या जागी रुद्रसेन नव्हता, सर्वसेन होता. पृथिवीषेण नव्हता, विंध्यसेन होता. वंश एक, पण शाखा दोन, आणि दोन्ही शाखांत एकेक 'दुसरा प्रवरसेन' होऊन गेला होता. ज्या जुळणीने सगळ्यांची खात्री पटली होती, तो निव्वळ नावांचा योगायोग होता. १९४१ मध्ये मिराशींचं नवं वाचन प्रसिद्ध झालं आणि वाकाटकांचा इतिहास नव्याने मांडावा लागला.

ब्यूलर कच्चे अभ्यासक होते का? मुळीच नाही. भारतीय लिपिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव घेतात. हाताशी असलेल्या माहितीवरून त्यांनी सर्वांत संभाव्य उत्तर दिलं. फक्त डोळ्यांना दिसलेलं आणि आधीपासून माहीत असलेलं यांची सरमिसळ झाली.

हे वाचत होते त्याच महिन्यात माझ्याकडून असंच काहीतरी झालं. माझ्या एका नमुन्याच्या एक्सआरडी आलेखात एक अगदी फिका उंचवटा होता. नॉइज म्हणावा तर नॉइज, पीक म्हणावं तर पीक. आधीच्या शोधनिबंधांत त्या जागी एक विशिष्ट फेज सापडलेली होती. मी बिनदिक्कत त्यावर तेच नाव लिहिलं. माझ्या मार्गदर्शकांनी मसुदा पाहिला, त्या नावावर पेन ठेवलं आणि एवढंच विचारलं, "हे तुला दिसलं, की माहीत होतं?" मी गप्प. नमुना पुन्हा तयार केला, जास्त वेळ घेऊन मोजला. तिथे काही नव्हतं. प्रबंधातली दीड पानांची चर्चा काढून टाकावी लागली. चार दिवस वाईट वाटलं, पण ती तशीच छापली गेली असती तर पुढच्या कोणीतरी माझ्या आधाराने आपला उंचवटा ओळखला असता.

म्हणून दुसरं पुस्तक सुचवते ते मिराशींचंच, 'कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकेरम'चा पाचवा खंड, १९६३ चा. नावाला घाबरू नका. वाकाटकांचे तोवर मिळालेले लेख यात एकत्र आहेत. प्रत्येक लेख कुठे मिळाला, पत्रे किती, मापं काय, लिपी कोणती, आधी कोणी काय वाचलं, मग मूळ पाठ, खाली टिपा, भाषांतर आणि शेवटी ठशाचं चित्र. कादंबरीसारखं वाचायचं हे पुस्तक नाही. दोनच लेख निवडा: वाशीमचा ताम्रपट आणि अजिंठ्याचा सोळाव्या लेण्यातला लेख. मूळ पाठात ठिकठिकाणी कंस दिसतील. ते शोभेचे नाहीत. अक्षर स्पष्ट आहे की पुसट, दिसतं आहे की संपादकाने भरलं आहे, हे त्यावरून कळतं. वाचणाऱ्याला "इथे मी तर्क केला आहे" असं सांगण्याची ही पद्धत आहे. आपल्या विज्ञानाच्या प्रबंधांतही असे कंस असते तर किती बरं झालं असतं, असं मला वाटून गेलं. चित्र समोर ठेवून दोन ओळी ताडून पाहा. ब्राह्मी येत नसली तरी अक्षरं कुठे तुटली आहेत ते दिसतंच.

आता तिसरं पुस्तक, आणि इथे मिराशी स्वतःच दुरुस्त होतात.

दुसऱ्या प्रवरसेनाने (नंदिवर्धन शाखेच्या) राजधानी प्रवरपूरला नेली, हे ताम्रपटांवरून कळतं. हे प्रवरपूर कुठे? मिराशींचं उत्तर होतं वर्ध्याजवळचं पवनार. विनोबांच्या परंधाम आश्रमाच्या जागेत जुनी शिल्पं निघाली होती, मिराशींनी त्यांत रामायणातले प्रसंग ओळखले, आणि गावाच्या नावाचंही साम्य होतं. हे मत बरीच वर्षं चाललं. मग १९९८ पासून जगत्पती जोशी आणि अ. कृ. शर्मा यांनी मनसरला उत्खनन केलं. तीच टेकडी, जिथे मी बस चुकल्यामुळे चढले होते. तिथे मिळालेल्या मातीच्या मुद्रांकनावर 'प्रवरेश्वर' हे देवाचं नाव निघालं. हान्स बाकर या डच अभ्यासकाने त्यावरून मांडणी केली की मनसर हेच प्रवरपूर आणि टेकडीवरचं बांधकाम म्हणजे प्रवरेश्वराचं शिवमंदिर. बाकरांचं 'द वाकाटकाज' हे पुस्तक १९९७ चं, म्हणजे उत्खननाच्या आधीचं. रामटेक, मनसर, पवनार, नगरधन इथल्या मूर्ती त्यात एकेक करून अभ्यासल्या आहेत. उत्खननानंतर त्यांनी काय नव्याने मांडलं, ते मनसरवरच्या त्यांच्या नंतरच्या लेखनात पाहता येतं. आपल्याच जिल्ह्यातल्या मूर्तींकडे कसं बघायचं, हे या पुस्तकाने मला शिकवलं. मनसरची शिवमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

मनसरच्या बाबतीत धर्माचा प्रश्नही येतो, आणि नागपुरात तो नुसता पुस्तकी राहत नाही. या परिसराशी आचार्य नागार्जुनांचं नाव परंपरेने जोडलं जातं. टेकडीवरचे अवशेष कोणत्या टप्प्यात शैव, कोणत्या टप्प्यात बौद्ध, यावर मतभेद आहेत. माझ्या ओळखीतही दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोलणारे आहेत. अशा वेळी मला ताम्रपट आठवतात. त्यांत पहिला रुद्रसेन महाभैरवाचा भक्त, दुसरा रुद्रसेन चक्रपाणीचा म्हणजे विष्णूचा, त्याचा मुलगा दुसरा प्रवरसेन पुन्हा शिवभक्त. प्रभावतीगुप्ता स्वतःला भगवंताची अत्यंत भक्त म्हणवते. आणि त्याच वंशाच्या दुसऱ्या शाखेचा मंत्री अजिंठ्याला बौद्ध संघासाठी लेणं कोरवतो. एका घराण्यात, कधी एकाच घरात, इतकं सगळं मावत होतं. त्यामुळे "जागा कोणाची?" असं विचारण्याआधी "कोणत्या शतकात, कोणत्या थरात, कशावरून?" हे विचारलं की चर्चेचा सूर बदलतो. प्रश्न नीट मांडणं हेही संशोधनातलं कामच.

चौथं पुस्तक वॉल्टर स्पिंक यांचं, 'अजंता: हिस्टरी अँड डेव्हलपमेंट'. २००५ पासून ते खंडाखंडाने प्रसिद्ध होत गेलं. स्पिंक यांचा दावा धाडसी आहे: अजिंठ्याची नंतरच्या टप्प्यातली लेणी शतकभर हळूहळू झाली नाहीत, हरिषेणाच्या काळात वीसेक वर्षांत झाली. हरिषेणाचा काळ ते साधारण ४६० ते ४७७ धरतात, तर मिराशी ४७५ ते ५०० च्या आसपास. एवढा फरक का? कारण ताम्रपटांत राजाच्या राज्याचं कितवं वर्ष ते असतं, शक किंवा संवत नसतो. वाशीमजवळच्या हिस्से-बोराळा इथल्या देवसेनाच्या काळातल्या लेखात मात्र शक ३८०, म्हणजे इसवी सन ४५८ च्या आसपासचं वर्ष आहे. हा लेख मिराशींच्या कॉर्पसमध्ये नाही, तो नंतर उजेडात आला. देवसेन हा हरिषेणाचा बाप. म्हणजे एक खुंटी पक्की झाली, पण त्या खुंटीला दोघांचीही मांडणी टांगता येते. मग स्पिंक दगडाकडे वळतात. दारं बसवायच्या खोबणी कशा बदलत गेल्या, कोणत्या मूर्तीसमोर हार अडकवायची सोय झाली, कुठे दिव्याची काजळी आहे आणि कुठे नाही, कोणतं काम अर्धवट टाकलं. त्यांचं सगळं पटतंच असं नाही, आणि अनेक अभ्यासकांना ते पटलेलं नाही. पण काजळीच्या डागावरून काळ कसा काढायचा, हे पाहताना प्रयोगशाळेत बसल्यासारखं वाटतं.

वाचताना एक सवय लावून घ्या. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे लेखकाला काय दिसलं ते लिहा: अक्षर, वीट, मुद्रांकन, काजळी. उजवीकडे त्यावरून त्याने काय ठरवलं ते लिहा. पहिल्या प्रकरणाला कंटाळा येईल, तिसऱ्यापासून हात बसेल. ज्या पुस्तकात डावी बाजू रिकामीच राहते, ते कितीही रसाळ असलं तरी त्याच्या भरवशावर पुढचं काही रचू नका. मिराशींच्या पुस्तकात डावी बाजू गच्च भरते. पवनार चुकलं असेल, तरी ते कशावरून म्हटलं हे त्यांनी लिहून ठेवलं आहे, म्हणून पुढच्यांना ते तपासता आलं.

आणि एखाद्या रविवारी रामटेकची बस पकडा. गडावरचं केवल नरसिंहाचं देऊळ बघा, परतताना मनसरला उतरा, जमलं तर नगरधनलाही जाऊन या. तिथे २०१५ नंतरच्या उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाचं मातीचं मुद्रांकन निघालं आहे. म्हणजे हे पुस्तक अजून लिहून संपलेलं नाही. वही सोबत ठेवा, आणि डावी बाजू आधी भरा.