वडासाठी ९ निवर्तने

१/५
बोन्साय केलेला वड लावणाऱ्यापेक्षा अधिक जगू शकतो. मग त्याच्यामागे झाड कोण राखणार? या चिंतेचे एक जुने उत्तर जुन्नरच्या लेण्यांत कोरलेले आहे.

२/५
येडगाव धरणापासून कुकडीच्या काठाने वर गेले की जुन्नर लागते. तेथील एका ब्राह्मी लेखात आडुथुम नावाच्या शक उपासकाचे दान नोंदले आहे. प्रचलित वाचनानुसार २० निवर्तने जमिनीचे उत्पन्न करंज लावण्यासाठी आणि ९ निवर्तनांचे वड लावण्यासाठी होते. निवर्तन हे जमीन मोजण्याचे तत्कालीन माप.

३/५
हे उत्पन्न कोणाचिक येथील श्रेणीकडे सोपवले होते. श्रेणी म्हणजे व्यावसायिकांचा संघ. सभासद बदलले तरी तो टिकतो. नाशिकला उषवदातानेही भिक्षूंच्या वस्त्रांसाठी २००० कार्षापणे विणकरांच्या श्रेणीकडे दरमहा १ टक्का व्याजाने ठेवली, ती याच भरवशावर.

४/५
मोकळ्या जमिनीतला वड पारंब्या रोवून स्वतःला सावरतो. कुंडीतल्या वडाला ती मुभा नाही. माती थोडी, म्हणून उन्हाळ्यात पाणी चुकवून चालत नाही. दोन-तीन वर्षांनी पावसाळ्याच्या तोंडावर मुळे छाटून माती बदलावी लागते.

५/५
आडुथुमाने झाडांबरोबर त्यांच्या खर्चाची आणि राखणदाराचीही तजवीज केली. घरातल्या जुन्या बोन्सायसाठी पुढचा राखणदार वेळीच निवडून त्याच्या हाती कात्री देणे, ही त्याच दानाची छोटी आवृत्ती होय.